नाव न लिहिलेला फॉर्म

‘बदलाबद्दल मोकळेपणानं लिहा, नाव लिहू नका,’ असं छापलेला फॉर्म वरून आला, तेव्हा आमचं पोलीस ठाणं नुकतंच कागदोपत्री ‘पेपरलेस’ झालं होतं. खात्यात मोकळेपणानं लिहा म्हणणं म्हणजे मांजरानं उंदराला जेवायला बोलावणं. सगळ्यांनी ‘समाधानी आहे’ लिहून हात झटकले. मीही.

फक्त आमच्या हवालदार दादांनी पान भरून लिहिलं. सव्वीस वर्षं स्टेशन डायरी लिहिलेला माणूस. अक्षर मोत्यासारखं आणि त्याचा माज भारी. मी नवी असताना माझी नोंद चारचौघांत उचलून धरत म्हणाले होते, ‘पोरी, हे काय कोंबडीनं लिवलं व्हय?’ अख्खं ठाणं हसलं. तो राग मी जपून ठेवला होता. कॉम्प्युटर आले तेव्हा एका बोटानं अक्षरं शोधणारे दादा बघायला मी मुद्दाम त्यांच्या मागं उभी राहायचे.

ठाण्याच्या नव्या साहेबांनी तो फॉर्म मोठ्यानं वाचला. ‘आधी एकदा लिहायचो, आता तीनदा लिहितो. कॉम्प्युटरवर, मोबाइलवर, आणि लाइट गेली तर म्हणून वहीत. समोर माणूस रडत असतो अन् आमचं तोंड स्क्रीनकडं.’ शब्दन्‌शब्द खरा होता. साहेबांना अक्षर ओळखीचं नव्हतं.

‘कुणाचं हे?’ त्यांनी विचारलं.

खोलीत साहेबांसमोर मी एकटीच होते. माहीत नाही म्हणता आलं असतं. मी नाव सांगितलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी दादांची खुर्ची मला मिळाली आणि दादांना शहागंजच्या चौकात उभं राहायची ड्युटी. निवृत्तीला दीड वर्ष, गुडघे गेलेले, उभं राहू नका असं डॉक्टरनं लिहून दिलेलं. महिन्याभरानं ते भिंत धरत धरत माझ्यापाशी आले. बसून करायचं काम मिळावं असा अर्ज करायचा होता, आणि हातानं लिहिलेला अर्ज आता चालत नव्हता.

‘तेवढा टाइप करून सायबाला धाड पोरी. तुझ्याबिगर इथं कुणी इचारत नाय.’

मी टाइप केला. दादांनी स्क्रीनवर नाक टेकवून वाचला, चूक सापडली नाही, डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ठाण्यात बसून करायचं काम एकच होतं, आणि त्या खुर्चीत मी बसले होते. ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मी थांबले. मग अर्ज डिलीट केला.