एकशेऐंशी म्हणजे नॉर्मल

"सकाळपासून एकशेऐंशीवर आहे म्हणे."

"अगंबाई! मग डॉक्टरांना बोलावलं का?"

"डॉक्टर कशाला? वकीलसाहेब स्वतःच म्हणाले, नॉर्मल आहे. हात लावून बघितला त्यांनी."

आत्याच्या माजघरात दोन शेजारणी वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्यांतली एक आळीत नवीन राहायला आली होती. तिचा हात परातीवरच थांबला. घरात कुणीतरी एकशेऐंशी डिग्री तापाने फणफणलंय आणि यजमान नॉर्मल म्हणतायत, या विचाराने तिचा चेहरा असा काही झाला की मी खुलासा करायला हवा होता. मी केला नाही. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून घरात सगळ्यांना वाटे की हिला काय, दोन दोन भाषा येतात. खरं म्हणजे मला दोन्ही भाषांत गप्प बसता येत होतं. शेवटी जुन्या शेजारणीनेच सांगितलं, "अहो, माणूस नव्हे. जीप!"

तापाचा जेवढा अभ्यास आमच्या आतोबांनी केला तेवढा अख्ख्या कल्याणात एकाही डॉक्टरने केला नसेल. तो ताप माणसांचा असता तर त्यांच्या दारात रांगा लागल्या असत्या. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कल्याणच्या कोर्टात वकिली करायचे. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा लोकांनी ताडपत्र्या घेतल्या, लोखंडी खाटा घेतल्या, कुणी घोंगड्या घेतल्या. आतोबा एका अशिलाला खाट घेऊन द्यायला म्हणून गेले आणि जीप घेऊन आले. तिच्या बॉनेटवर अमेरिकन लष्कराचा पांढरा तारा होता. त्यावर त्यांनी हिरवा रंग मारला, पण उन्हात उभी राहिली की तारा खालून दिसायचाच. स्टिअरिंग डावीकडे होतं. त्यामुळे आत्या उजवीकडे बसली की रस्त्यावरच्या लोकांना वाटे, बाईच गाडी चालवतायत. एकदोघांनी तर तिला वाकून नमस्कार केला. आत्या वरकरणी चिडायची, पण बसताना पदर नीट करून, ताठ बसायची, हे मी पाहिलेलं आहे.

गाडीबरोबर लष्कराचं एक इंग्रजी माहितीपुस्तक मिळालं होतं, आणि ते मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं काम होतं. आतोबांना इंग्रजी उत्तम येत होतं, कोर्टात ते रोजच वापरत. पण पुरावा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय. मी इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या फिरतीचं प्रकरण वाचायची आणि ते डोळे मिटून, मान हलवत ऐकायचे. इंजिन फार तापलं तर वाईट, हे कुणीही सांगेल, पण फार गार राहिलं तरी वाईट, हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं. "बघ बेबी, किती न्यायाचं बोललाय! गारपणा म्हणजे आरोग्य नव्हे." त्या दिवसापासून गाडीतला तापाचा काटा एकशेऐंशीच्या आसपास आल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर हलायची नाही. लग्नाला निघालेली मंडळी शालू नेसून, अत्तर लावून मागे दाटीवाटीने बसलेली असायची, इंजिन जागच्या जागी घुरघुरत असायचं आणि आतोबा काट्याकडे बघत म्हणायचे, "झोपेतून उठवून कुणाला लगेच डोंगर चढायला लावतात का? उठू दे तिला. तोंड धुऊ दे." थंडीच्या दिवसांत ते इंजिनापुढच्या जाळीच्या अर्ध्या भागावर घोंगडी बांधत, म्हणजे वारा बेताचाच लागावा. त्यांचा स्वतःचा मफलर मात्र कायम खुंटीवर.

या अभ्यासाचा त्रास झाला तो आत्याला. एकदा ती तापाने आडवी झाली. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होते. आतोबा अंगणातून हात पुसत आले, थर्मामीटर उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "एकशेतीन? म्हणजे अजून गारच आहे की!" आत्या बरी झाली, पण पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. "बेबी, त्यांना सांग, जेवण वाढलंय. गार आहे म्हणावं, आरोग्याला वाईट असेल तर खाऊ नका."

पण खरं वेड पाण्याचं. खारं पाणी रेडिएटरच्या नळ्यांत पुटं धरतं, नळ्या चोंदतात आणि इंजिन तापतं, हे त्यांना कळल्यापासून कल्याण-डोंबिवलीतल्या एकूण एक विहिरींची त्यांनी चौकशी आरंभली. पाणी गोडं की खारं हे ओळखायची त्यांची कसोटी अगदी घरगुती होती. ज्या पाण्यात तुरीची डाळ मऊ शिजते, तेच पाणी गाडीला. त्यामुळे कुठल्याही गावात थांबलं की ते पहिल्या दारात जाऊन अदबीने विचारत, "बाई, तुमच्या पाण्यात डाळ शिजते का?" शीळफाट्याच्या अलीकडे एका खेड्यात त्यांनी असं विचारलं, तर घरातली म्हातारी म्हणाली, "शिजतं तं! बस बाबा, जेवूनच जा." नाही म्हणणं बरं दिसेना. आतोबा जेवले, मी जेवले, डाळ खरोखर मऊ होती, आणि निघताना त्यांनी एक कळशी पाणी मागितलं तेव्हा म्हातारीला काही केल्या कळेना की पोटभर जेवलेल्या माणसाला एवढी तहान कशी लागते.

घरी गोड्या विहिरीचं पाणी यायचं ते आधी जीपच्या तांब्याच्या कळशीत. पाहुण्यांचा चहा खाऱ्या पाण्याचा. दिवाळीत पहिलं अभ्यंगस्नान जीपचं. धुण्याचा सोडा पाण्यात कालवून रेडिएटरमध्ये घालायचा, इंजिन चालवायचं, मग खालची तोटी सोडायची आणि तांबडं पाणी वाहून स्वच्छ येईपर्यंत बघत बसायचं. अशील ओटीवर ताटकळत बसलेले. एकाने धीर करून विचारलं, "साहेब, माझी तारीख उद्या आहे." आतोबा म्हणाले, "गाळ निघू दे. तुझ्याही प्रकरणात तो पुष्कळ आहे." इंजिनाच्या पंख्याचा जादा पट्टा ते काळ्या कोटाच्या खिशात ठेवत. भर कोर्टात कागद काढताना एकदा तो पट्टा बाहेर आला, आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, हा पुरावा कुणाच्या बाजूचा?

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता. वाफ अंगावर येते. थांबायचं, निवू द्यायचं, मग ओलं फडकं धरून हलक्या हाताने फिरवायचं. एकदा मला ते शिकवताना म्हणाले, "तू बोलत नाहीस ते एका परीने बरं. पण झाकण जन्मभर लावून ठेवायलाही नसतं केलेलं." मी काहीच बोलले नाही. ते हसले आणि म्हणाले, "असू दे. अजून गरम असेल."

माझ्या मोठ्या भावाचं लग्न ठरलं ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या मुलीशी. मुहूर्त गोरज. सकाळी कल्याणला भावाला हळद लागणार, आणि त्याची उष्टी हळद ठाण्याला गेल्यावर मुलीला लागणार. तिथे सगळ्या बायका वाट बघत खोळंबलेल्या असणार. ती हळद न्यायचा मान आत्याचा, आणि बरोबर करवली म्हणून मी. वडील म्हणाले, भाड्याची मोटार बोलावतो. आतोबा भर मांडवात उभे राहिले. "घरात गाडी असताना?" वडील म्हणाले, "घरात गाडी आहे, पण ती रस्त्यावर कधी असते, कधी रस्त्याकडेला असते. आज खेळ नको." चारचौघांत हशा झाला. आतोबा हसले नाहीत. म्हणाले, "आज वाटेत थांबली तर उद्या विकून टाकीन. हा शब्द." आत्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ही गाडी विका म्हणून तीच इतकी वर्षं त्यांच्या मागे लागली होती, पण त्या क्षणी ती खूश झाल्यासारखी मुळीच दिसली नाही.

चांदीची वाटी केळीच्या पानाने झाकून माझ्या मांडीवर ठेवली होती. शीळफाट्यापर्यंत काटा शहाण्यासारखा एकशेऐंशीवर होता. पुढे समोरून आलेल्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला, जाळीवर टणकन आवाज झाला, आणि मुंब्र्याच्या डोंगराशी येईतो काटा दोनशेच्या वर गेला. आतोबांनी कडेला गाडी थांबवली. उतरले, बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या एका नळीतून बारीक धार लागली होती. मागे कळशी भरलेली होती, पण घातलेलं पाणी त्याच वाटेने जाणार, हे मलासुद्धा कळत होतं.

त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. "थांबली," ते म्हणाले. "थांबली ती थांबली. शब्द म्हणजे शब्द."

आत्या खाली उतरली. शालूचा काठ धुळीतून उचलून धरत ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अहो, तुमचे ते ट्रकवाले अशा वेळी त्यात काय घालतात?"

"त्यांचं काय घेऊन बसलीस?"

"विचारलं त्याचं उत्तर द्या. काय घालतात?"

आतोबा दुसरीकडे बघत म्हणाले, "हळद."

कल्याणच्या ट्रक-अड्ड्यावर हा उपाय ज्याला त्याला ठाऊक होता, आणि जो तो त्यांना तो सांगायचा. आतोबांना तो अपमान वाटे. इंजिन म्हणजे काय खरचटलेला गुडघा आहे, असं ते विचारत.

"आणि मग गळती थांबते का?"

"थांबते म्हणतात."

"म्हणतात, की थांबते?"

"थांबते," आतोबा पुटपुटले. उभ्या आयुष्यात त्यांची उलटतपासणी कुणी अशी घेतली नसेल.

"बेबी, वाटी आण."

"अगं, ती उष्टी हळद आहे! मुलीकडचे काय म्हणतील?"

"ते माझं मी बघीन. तुम्ही झाकण उघडा."

"गरम आहे," आतोबा म्हणाले, आणि आम्ही तिघंही इंजिन निवायची वाट बघत उभे राहिलो. खाडीकडून वारा येत होता. मग त्यांनी ओलं फडकं धरून झाकण फिरवलं, कळशीतलं डाळ शिजणारं पाणी हळूहळू ओतलं, आणि आत्याने बरीचशी हळद तांब्यात पातळ करून आत सोडली. सोडण्याआधी, मला वाटतं कुणी बघत नाही असं समजून, तिने बोटाने एक ठिपका बॉनेटवरच्या त्या पुसट ताऱ्याला लावला. इंजिन सुरू झालं. धार पिवळी झाली, मग थेंब झाले, मग थेंबही थांबले. आतोबांच्या चेहऱ्यावर आनंद आणि मानहानी यांची अशी काही मिसळ झाली होती की मी खाडीकडे बघत राहिले.

आता वहिनी घरात रुळली आहे. संक्रांतीला आत्याकडच्या हळदीकुंकवात ती बायकांना कुंकू लावून झालं की अंगणात जाते आणि जीपलाही हळदीचं बोट लावून येते. आतोबा थकलेत. काटा एकशेऐंशीवर यायची वाट बघता बघता कधी कधी स्टिअरिंगवरच त्यांचा डोळा लागतो, आणि आत्या इंजिन बंद करून त्यांच्या खांद्यांवर ती जाळीवरची घोंगडी टाकते. फारसं कुठे जाणं होत नाही. कळशी मात्र भरलेली असते. आत्याच भरते.

पण त्या दिवशी अजून काहीच ठरलेलं नव्हतं. कळव्याचा पूल ओलांडून आम्ही नौपाड्यात पोचलो तेव्हा मुलीला पाटावर बसवून बायका दारातच उभ्या होत्या. मुलीच्या मावशीने पान उचललं. वाटीच्या तळाशी थोडीशी हळद. ओवीचा सूर मध्येच तुटला.

"एवढीच? बाकीची सांडली की काय वाटेत?"

हळद सांडणं म्हणजे अपशकुन. ते माझं मी बघीन म्हणालेली आत्या ओठ मिटून उभी होती. तिच्यामागून आतोबा पुढे आले, काळा कोट, हळदीच्या पाण्याने पिवळे झालेले हात. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "गाडी वाटेत थांबली. तिला हळद घालावी लागली. मी शब्द दिला होता, उद्या तिला विकून टाकतोय. तुम्ही मनात काही आणू नका."

सगळ्या जणींच्या माना बाहेर वळल्या. दाराबाहेर जीप उभी होती, जाळीवर पिवळे ओघळ आणि ताऱ्यावर एक ठिपका. मी थोडी थांबले. मग माझाच आवाज मला ऐकू आला, आणि तो मुळीच कापत नव्हता.

"हळद सांडली नाही, मावशी. आमच्यात ज्याला नवरदेवाची उष्टी हळद लागते ते घरचं माणूस होतं. आज दोघींना लागतेय. आतोबा, आता तुम्हाला गाडी विकता येणार नाही."