तंबूले पानी

तुळसाबाई माळनीले भांडखोर म्हननाऱ्यात मी, रंगूबाई, पह्यली. शेजारीन ना माही! तिच्या अन् आमच्या वाडीत एक धुरा, म्हंजे बांध, आडवा, अन् त्या धुऱ्यावरून वर्साकाठी चार भांडनं ठरलेली. पन नवऱ्यासाठी झिजावं तं तिनंच. नानाजी दोन सालापासून दम्यानं खाटेवर. वाडी, मोट, बाजार, सारं तिच्याच डोक्यावर.

चौतीस साली कापसाच्या दिवसात चंपत नावाच्या फडवाल्यानं कारंज्याच्या पेठेमागं, आमच्या वाडीले खेटून, गमतीचा, म्हंजे तमाशाचा, तंबू ठोकला. कापसाच्या बैलबंड्या घेऊन आलेले लोक रातभर नाच पाह्यत. ढोलकी कोंबडा आरवेपर्यंत. अन् आमाले कोंबड्याच्या आंधी उठून मेथी खुडा लागे. वैद्य नानाजीले पाहून म्हनला होता का झोप भेटली तरच हा मानूस जगते. झालं, तुळसाबाई पेटली. पेठेत जाऊन हात जोडले. पेठवाले म्हनत, गंमत हाये म्हून बंडीवाले मुक्काम करतात, दुकानं चालतात, तुमी कानात बोळे घाला. घ्या! ज्याचं जळते त्यालेच कळते.

मंग तिनंच डोकं चालवलं. तंबूतली धूळ दाबाले रोज सांजी पानी शिंपडा लागे, अन् जवळपास विहिरी फक्त आमा माळ्याईच्या. पानी बंद तं गंमत बंद. सारे तिच्या विहिरीवर जमलो. एकेकानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली का तंबूले थेंब देनार नाई. नानाजीले उठवत नव्हतं, त्याच्या नावाचा बेलबी तिनंच उचलला.

चार दिवस तंबू मुका राह्यला. पाचव्या दिवशी पुन्हा ढोलकी! आमची विहीर तंबूले सगळ्यात जवळ, म्हून संशय आला माह्या नवऱ्यावर, नथ्थूवर. गरीब मानूस. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं त्यानं का मी नाई देल्लं. तरी तुळसाबाई चारचौघात म्हनली का ज्यानं बेलभंडारा मोडला त्याच्या हाताचं पानीबी पिऊ नोका! माळ्याईनं चूल पेटवाले आमच्या घरचा इस्तव घेनं बंद केलं. नथ्थू दोन दिवस जेवला नाई. मले असा राग आला का तिच्या वांग्याईत ढोरं सोडावं वाटे.

तुळसाबाई रोज सांजीपर्यंत पेठेत भाजी विके. आठव्या दिवशी तिची भाजी लवकर खपली, भर दुपारीच घरी आली. मी धुऱ्यावर गवत कापून राह्यली होती, सारं माह्या डोळ्यानं पाह्यलं. तिच्याच विहिरीवर तिचेच बैल मोट ओढत होते. तंबूतला गडी रूपला हाल्याच्या, रेड्याच्या, पाठीवरच्या पखालीत पानी भरून राह्यला होता. अन् नानाजी खाटेवर बसून सांगत होता का बैल हळू हाक, बाबा.

तुळसाबाईनं टोपलीबी खाली ठेवली नाई. नानाजीच बोलला.

"मी कुठं बेल उचलला? तूच उचलला. झोप मले येतच नाई, तुळसे. दमा पाठ टेकू देत नाई. ढोलकी वाजत असली का रात तेवढी सरते."

"अन् नथ्थूचं काय?" तिनं इचारलं.

नानाजीनं मान खाली घातली. आठ दिवस तो ऐकून राह्यला होता ना सारं, खाटेवरून!

सांजी तिनं साऱ्या माळ्याईले जमवलं अन् माह्या नवऱ्याचे पाय धरले. नथ्थूनं माफ केलं. मी नाई केलं, खोटं कायले सांगू. पन दुसऱ्या दिवसापासून तंबूले पानी तिनं सोता भरून देल्लं. नानाजीचं औषध-पानी, जेवन, सारं टायमावर. बोलनं मात्र बंद. तो हाका मारे, हात जोडे, ती शब्द बोलत नव्हती. फागुनात तो गेला, तोवर नाई बोलली.

तेराव्यानंतर मी तिच्या घरी गेली.

"त्यानं एकदा मले म्हनाचं होतं वं, रंगू," ती म्हनली. "बेलभंडारा मोडून मीच देल्लं असतं पानी."