पेन्सिलीच्या नोंदी

पोलिसांच्या कचेरीत मी दीड वर्ष काम केलं. त्या काळात माझ्या हातून जे झालं त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, म्हणून इथे करतो.

ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं उलटली होती. मी बी.कॉम. झालो होतो, टायपिंग येत होतं आणि नाशिकच्या आमच्या मंडळात पत्रक लिहिण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यातलं एक पत्रक अजून तोंडपाठ आहे. सण आला, मंत्री आला, निवडणूक आली की पोलीस ठाण्याचे लोक वस्तीत येतात आणि जुन्या नोंदीतली माणसं उचलून दोन दिवस कोंडून ठेवतात. कोणाला उचलायचं आणि कोणाला सोडायचं हे हवालदाराच्या मनावर. वर मोठ्या अक्षरांत मी लिहिलं होतं : मर्जी नको, नियम हवा.

त्यानंतर काही महिन्यांतच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा कॉल आला. जिल्ह्यातल्या गुन्हेगारांच्या नोंदवह्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या, त्यासाठी तात्पुरता क्लार्क हवा होता. मंडळात बातमी कळली तेव्हा एकजण म्हणाला, "चला, आता आपल्याला आत टाकायला आपलाच माणूस." सगळे हसले. मी म्हणालो, मशीनला जात नाही, हप्ता नाही, मर्जी नाही. माझा त्यावर खरोखर विश्वास होता. पुढच्या बैठकीचा निरोप मला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

कॉम्प्युटर नाशकात नव्हताच, तो मुंबईला. आमच्याकडे होते छापील फॉर्म, त्यांवर चौकोनांच्या रांगा, एका चौकोनात एक इंग्रजी अक्षर. नाव, बापाचं नाव, वय, गाव, कलम, चोरीची पद्धत. घरफोडीला एक आकडा, सायकलचोरीला दुसरा. भरलेले गठ्ठे मुंबईला जायचे आणि तिकडून दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर यादी छापून यायची.

माझं टेबल रेकॉर्डच्या खोलीत, दोन कपाटांच्या मधे. मी आत आलो की शिपाई बोलणं थांबवायचे. त्यांच्या लेखी मी पत्रकवाला होतो आणि मंडळाच्या लेखी पोलिसांचा. डबा मी एकटाच खायचो. काही दिवस तर असे गेले की दिवसभरात माझ्या तोंडून फक्त इंग्रजी अक्षरं निघाली, चौकोनात भरताना एकेक मोठ्यानं म्हटलेली.

नाशकातल्याच द्वारका चौकाकडच्या भागाच्या वह्या ज्या ठाण्यातून आल्या, तिथले एक हवालदार त्या स्वतः घेऊन आले. मूळचे सायखेडा गावचे. निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांच्या वह्या उघडल्या आणि मी चमकलो. शाईतल्या नोंदींखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही ना काही लिहिलेलं. 'दारू सोडली.' 'भावाच्या ऐवजी धरला होता.' 'आई अंथरुणाला, हजेरीला बोलवू नये.' एका सायकलचोराखाली होतं : 'लग्न झालं. फुलं विकतो. उचलू नये.'

"हे कोणी लिहिलं?"

"म्या."

"कोणाच्या हुकमानं?"

"हुकूम कशाला लागतो? वीस वर्षं त्याच गल्ल्यांनी फिरतोय. माणूस सुधारला का नाय ते दिसतंय ना."

"आणि ज्याचं तुमच्याशी पटत नाही, त्याचं काय?"

त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "त्याला शाई," म्हणाले आणि हसले. मला संताप आला तो त्या हसण्याचा.

"हेच तर आम्ही पत्रकात लिहिलं होतं, काका."

"वाचलंय. तू वाटताना सापडला व्हतास ना? तवा म्या शाई घेतली असती, तर तुला ही खुर्ची भेटली असती का रे पोरा?"

मी जास्तच चिडलो. साहेबांना जाऊन विचारलं, पेन्सिलीच्या मजकुराचं काय करायचं. ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, "फॉर्ममधे रकाना आहे का? नाही ना? मग सोडून द्या."

सोडून द्या म्हणाले, एवढंच. खोडा असं कोणीही सांगितलं नव्हतं. मी दुकानातून पांढरा खोडरबर आणला आणि त्या ठाण्याच्या वह्या पान-पान करून साफ केल्या. चार दिवस लागले. पुन्हा कोणाची मर्जी चालायला नको, हा विचार. टेबलावरचा चुरा हातानं लोटताना मला वाटत होतं की पत्रक छापण्यापेक्षा हे मोठं काम आहे.

दसऱ्याच्या आधी पहिली यादी छापून आली आणि ठाण्यांना वाटली गेली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या शिपायानं मला बोलावलं. बाहेर एक बाई उभी होती, डोक्यावर पाटी. पाटीत झेंडू, कडेनं काळा पडलेला.

"मशीनवाले तुमीच का?"

तिच्या नवऱ्याला दोन दिवस आत ठेवलं होतं. अर्ध्या एकरातला झेंडू त्यांनी पावसाळाभर त्या एका दिवसासाठी राखलेला. तोडणीच्याच दिवशी त्याला उचलला. ठाण्यात विचारलं तर म्हणाले, नाव वरून आलंय. वर म्हणजे कुठं, हे विचारत विचारत ती माझ्यापर्यंत आली होती.

"सायकल चोरली व्हती, लग्नाच्या आधी. पण जुने हवालदार व्हते तवर कदी नेलं नाय. आता आमच्या ह्यांनी नवीन काय केलं का?"

"नाही. काही नाही केलं."

"मग तसं सांगा ना मशीनला. दरसाली असंच व्हणार का आता?"

मी तिला सांगू शकलो नाही की ते वाक्य मी वाचलं होतं, आणि 'फुलं विकतो' वाचून हसलोही होतो.

साहेबांकडे गेलो. नाव वगळायचा फॉर्म होता, पण सोबत पुरावा हवा. "पेन्सिलीत लिहिलेलं होतं," मी म्हणालो. "दाखवा," ते म्हणाले. साधी गोष्ट होती. मला दाखवता आलं नाही.

रविवारी एस.टी.नं सायखेड्याला गेलो. हवालदार ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "खोडलं? समदं?"

"सगळं."

"म्या दाबून लिहायचो. पान तिरपं धर उजेडात, दिसंल."

धरून पाहिलं होतं. मी मेहनती माणूस, जोर लावून खोडलं होतं. कागदाचा नुसता कापूस झाला होता.

त्यांनी लिहून सही द्यावी, अशी मी विनंती केली. सही केली तर इतकी वर्षं हुकमाशिवाय माणसं सोडली हे कबूल होत होतं, आणि पेन्शनची फाईल अजून कचेरीतच होती. ते शेंगा सोलत राहिले. मग आत जाऊन शाईचा पेन घेऊन आले. "फुलवाल्याचं आधी लिही," म्हणाले.

तो हिवाळाभर मी दर रविवारी जात होतो. मी नाव वाचायचो, ते आठवायचे. पहिल्या दोन-तीन रविवारी भराभर झालं. मग मधे मधे ते थांबू लागले. एका नावापाशी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नाय आठवत, पोरा. म्या कशाला ध्यानात ठेवीन? माझ्याकडं लिहिलेलं व्हतं ना."

यावर मी एक पत्रक लिहिलं. मंडळात घेऊन गेलो. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "हे नेमकं कोणाविरुद्ध आहे?" छापलं नाही. मी ते परत घेतलं.

पुढच्या दसऱ्याच्या यादीत फुलवाल्याचं नाव नव्हतं. सकाळी मी द्वारकेला गेलो. गोणपाटावर झेंडूचा ढीग होता, तो माळा ओवत होता, ती सुट्टा झेंडू मोजून देत होती. तिनं मला ओळखलं आणि त्याच्या कानाशी काही बोलली. तो उठून माझ्याजवळ आला, आवाज अगदी खाली.

"साहेब, तुमचे उपकार हायेत. पण इथं उभं राहू नका. कचेरीतला माणूस दिसला की लोक विचारतात, पुन्हा काय केलं म्हणून."

त्याचं बरोबर होतं. मी तिथून निघालो. एक फूलही घेतलं नाही, कोणाला द्यायचं हाही प्रश्न होताच.

खिशात यादीची माझी प्रत होती. हवालदारांना जी नावं आठवली नाहीत, ती तशीच छापली होती आणि त्यातली बरीचशी माणसं त्या सकाळी आत होती. मी रस्त्याच्या कडेला थांबून एकेक नाव वाचलं. कोणाच्या खाली काही लिहिलेलं होतं आणि कोणाच्या खाली नव्हतं, हे आता कोणालाच माहीत नाही. मलाही नाही, आणि मी ते वाचलेलं होतं.