मागे न वळणाऱ्यांचा वर्ग

श्रीमती सुलोचना शेषराव गजभिये. मूळ निवास नागपूर, सांप्रत जगतपुरा, जयपूर. पद: मानद संयोजिका, सर्वसमावेशक सामुदायिक स्वास्थ्य उपक्रम. लाभार्थी: ज्येष्ठ नागरिक, गृहिणी, विद्यार्थी व इतर. विशेष योगदान: दृष्टिनिरपेक्ष संतुलन प्रशिक्षण पद्धतीचा यशस्वी प्रयोग. ओळखीची खूण: गळ्यात शिट्टी.

यातली शिट्टी निर्विवाद खरी आहे. बाकीच्याबद्दल थोडं सांगावं लागेल.

शेषराव रेल्वेच्या सिग्नल खात्यात. बदली होऊन जयपूरला आले आणि स्टेशन जवळ म्हणून जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा सुलोचनाबाई सोसायटीसमोरच्या मैदानावर एकट्या फेऱ्या मारू लागल्या. पण जगतपुऱ्यात कुणाला फार वेळ एकटं चालू देत नाहीत. कशासाठी चालता, हे विचारायला एक बाई बरोबर चालू लागली, ती काय विचारतेय हे ऐकायला दुसरी. पुढं निवृत्त मंडळी आली, इंजिनिअरिंगची पोरं आली, आणि सुलोचनाबाईंनी शिट्टी विकत घेतली.

व्यायाम ज्याला जसा झेपेल तसा. निवृत्त बँक अधिकारी वसंतराव पुण्याचे. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, माझे गुडघे वगळून जे काही असेल ते सांगा."

"भाऊजी, गुडघे वगळले तं उरते काय? खुर्चीच ना!"

तेव्हापासून वसंतराव घरून खुर्ची आणतात आणि तिच्यावर बसून सर्वांच्या चुका काढतात. त्यांच्या मते हाही व्यायामच. बाकीच्यांच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बाटल्या, कारण डंबेल्सपेक्षा त्या स्वस्त पडतात आणि शेवटी पिताही येतात.

खरी अडचण निघाली ती सुभेदार भंवरसिंहजी आले तेव्हा. पल्लेदार मिशा, पाठ ताठ, खांद्यावर टॉवेल. ते मैदानात शिरले आणि त्यांची सून हेमकंवर जागच्या जागी थांबली. तिने कमरेला खोचलेली ओढणी सोडली आणि थेट हनुवटीपर्यंत ओढली. सासऱ्यांसमोर सुनेने तोंड दाखवायचं नाही, हा तिच्या घरचा रिवाज. तिला पाहून आणखी चार सुनांनी तेच केलं, कारण त्यांचे सासरेही एव्हाना येऊन पोचले होते. घुंगट ओढून हात वर करता येत नाहीत. केले तर ओढणी खाली येते आणि सासरे थिजतात.

हेमकंवरने हळूच सांगितलं, "दीदी, दिन में यही एक घंटा मेरा है। बाकी सब रसोई का।"

सुभेदारांना येऊ नका म्हणणं शक्य नव्हतं. त्यांचं रक्तदाब प्रकरण गंभीर होतं, आणि मिशीही. सुलोचनाबाईंनी रात्रभर नव्हे, चहा उकळेपर्यंत विचार केला. दुसऱ्या दिवशी सासरे पुढच्या रांगांत, सुना मागच्या रांगांत, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. नियम एकच: वर्ग सुरू असताना कुणीही मागे वळायचं नाही. वळण्याचा प्रत्येक व्यायाम त्यांनी वगळला. सुना मनसोक्त उड्या मारू लागल्या. मागे काय चाललंय हे सासऱ्यांना कळत होतं, पण दिसत नव्हतं, आणि न दिसलेल्या गोष्टीवर घरात बोलता येत नाही.

मग सोसायटीला गाड्या लावायला जागा कमी पडू लागली. जमीन सरकारी. मैदानाचं पार्किंग करावं, असा प्रस्ताव सिव्हिल लाइन्समध्ये राहणाऱ्या एका बड्या साहेबांकडे गेला. सही करण्याआधी एकदा वर्ग पाहतो, असं ते म्हणाले. सोसायटीचे सचिव माथुरजी चाळीस वर्षं सरकारी नोकरीत काढलेले गृहस्थ. त्यांनी मंडप घातला, हार आणले आणि सुलोचनाबाईंना बजावलं, "मैडम, साहब खुश तो मैदान आपका। नहीं तो कल से यहाँ गाड़ियाँ।"

 साहेब यायच्या दिवशी हेमकंवर बाटल्या घट्ट धरून मागच्या रांगेत उभी राहिली.

"घाबरली का वं?" शेषरावांनी विचारलं.

"मी कायले घाबरू? तुम्ही शर्टाची बटनं नीट लावा आधी."

मंडप मैदानाच्या पुढच्या बाजूला होता. पण पुढचं फाटक गाड्यांनी पार अडवलेलं, म्हणून साहेबांची मोटार मागच्या फाटकातून आत आली. माथुरजी हार घेऊन तिकडे धावले. धावता धावता ओरडले, "मैडम, साहब पीछे हैं! सबकी पीठ है साहब की तरफ़!"

आता सुलोचनाबाई नागपुरात समता सैनिक दलाच्या परेडमध्ये वाढलेल्या. पाहुणा मागून आला तर काय करायचं, हे त्यांना विचार न करता येतं. त्यांनी तसंच केलं, म्हणजे विचार केला नाही. शिट्टी मारली आणि खणखणीत आवाजात हुकूम दिला:

"पीछे मुड़!"

सुनांना असा हुकूम कधी दिलेलाच नव्हता. त्या होत्या तशाच उभ्या राहिल्या. पुढच्या रांगांत मात्र फौज आणि रेल्वे यांतूनच निवृत्त झालेली माणसं होती. सुभेदारांची टाच खाडकन वाजली आणि सगळे सासरे एका झटक्यात वळले.

समोर सुना. तोंडं उघडी, ओढण्या कमरेला, दोन्ही हात वर, हातांत बाटल्या.

वसंतराव खुर्चीवरून म्हणाले, "अरे देवा."

हेमकंवरला हात खाली घ्यायचंही सुचेना. सुभेदार एक क्षण तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल उचलला, झटकला, आणि स्वतःच्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढला. मिशीची दोन टोकं तेवढी बाहेर राहिली. बाकीच्या सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि टॉवेल, रुमाल, एकाने तर चक्क टोपी, जे मिळेल ते तोंडावर घेतलं.

टॉवेलखालून सुभेदारांचा आवाज आला, "मैडमजी, गिनती क्यों रुकी है?"

"एक!" सुलोचनाबाई म्हणाल्या. आवाज थोडा फाटला. "दो!"

सासऱ्यांचे हात वर गेले. हेमकंवर हसली, तिच्याबरोबर सगळी मागची रांग हसू लागली, एक बाटली पडून गडगडत साहेबांच्या बुटाशी थांबली. सुभेदार तालात एकेक पाऊल डावीकडे सरकत मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाच्या दिशेने निघाले.

"हुकुम," राजपूत घरांत वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं हेमकंवर मोठ्याने म्हणाली, "थोड़ा दाएँ!"

लग्न झाल्यापासून सासऱ्यांशी ती थेट बोलली ती ही पहिलीच वेळ. सुभेदार उजवीकडे सरकले.

साहेबांनी बाटली उचलली. "ये पुरुषों ने मुँह क्यों ढक रखा है?"

माथुरजींनी नोकरीत कधी प्रश्न अनुत्तरित ठेवला नव्हता. "सर, दृष्टि-निरपेक्ष संतुलन अभ्यास। वृद्धावस्था में गिरने से बचाव। महिलाएँ मार्गदर्शन करती हैं।"

"वाह," साहेब म्हणाले. "और फाटक पर इतनी गाड़ियाँ किसने लगाईं?"

पार्किंगचा प्रस्ताव तिथेच संपला, आणि गाड्या संध्याकाळपर्यंत हलल्या.

घरी शेषराव म्हणाले, "अन् तू म्हनते घाबरली नाही."

"मैदान वाचलं ना?" बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

आता तिथे वळण्याचे सगळे व्यायाम होतात. हुकूम मिळाला की सासरे तोंडावर टॉवेल घेतात, आणि सुना त्यांना डावंउजवं सांगतात, कधी मुद्दाम उलटंही. महिन्याभरात सरकारकडून सुलोचनाबाईंचा परिचय छापून आला, तो वर दिलाच आहे.

त्या दिवशी सुभेदारांनी टॉवेल फक्त घाम पुसायला आणला होता.