चक्कीवाल्या चाचांचं हसू

आमच्या वडनेरचे चक्कीवाले चाचा काहीही म्हटलं की हसून "हाव, हाव" म्हणत होकाराची मान डोलवायचे. चक्कीच्या घरघरीत त्यांचे कान गेले होते. कानाच्या आत केसांसारखे तुरे असलेल्या पेशी असतात. आवाजानं तुरे हलले की त्याची वीज होऊन मेंदूकडे जाते, आणि चाचांच्या त्या पेशी मेल्या होत्या. त्यांना ऐकू येत नाही हे सांगायची लाज वाटे.

माझी माय गेल्याचं मी सांगितलं, तेव्हाही ते हसले. शेजारणीनं खुणेनं समजावल्यावर त्यांनी चक्की बंद केली आणि मान खाली घातली.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "मले आयकू येत नाही, बेटा. जोरात सांग, माय कशी गेली?"

ते कान पुढं करून थांबले.