मागचे दोन स्पीकर

आमच्या गल्लीत तिला सगळे धडधडमावशी म्हणतात. तोंडावर नुसतंच मावशी, कारण जिवाची भीती प्रत्येकाला असते. यंत्रमागाच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली. एका शेडमध्ये साठ माग, सगळे एकदम चालू. तिथे ओरडून उपयोग नाही, म्हणून बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. चार माग पलीकडच्या मैत्रिणीशी सासूची सालं काढायच्या आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही. या नोकरीत मावशीचा डावा कान पार गेला, उजवा निम्मा उरला. पण रस्त्यापलीकडे कोण काय बोलतंय ते तिला वाचता येतं. मी तिच्या खिडकीसमोर उभा राहिलो, तर तोंडावर रुमाल धरूनच बोलतो.

निवृत्त झाल्यावर तिने घरातच सिनेमाघर करायचं ठरवलं. मोठा टीव्ही होताच. आता तीन स्पीकर पुढे, दोन पाठीमागे आणि जमीन हलवणारा तो सबवूफर, एवढं हवं होतं. मुलगा म्हणे, टीव्हीखाली एक साउंडबार ठेवू, पट्टीसारखा, दिसायलाही छान. हा मुलगा लोकांची घरं सजवून देतो. घरात लोंबती वायर दिसली की पाल दिसल्यासारखा दचकतो.

"आई, तुला एका कानाने जेमतेम ऐकू येतं. पाच-पाच स्पीकर कशाला?"

"तुला दोन्ही कानांनी येतं. आईचं ऐकतोस का कधी?"

शेवटी दोघं दुकानात गेली. मला काही काम नसतं, म्हणून मीही गेलो.

दुकानदाराने सगळं मुलालाच समजावलं. मावशीला फक्त "आजी, बसा" एवढंच. काचेच्या दाराची एक खोली होती, तिच्या मधोमध सोफा. मावशी बसली, शेजारी मी. तिने चपला काढून पाय फरशीवर टेकवले, आणि सिनेमा सुरू झाला. एक ट्रक पाठीमागून आला, डोक्यावरून गेल्यासारखा पुढे गेला. मावशीने गर्रकन मान वळवली.

"आला! भाऊ, पाठीत आला!"

मी हसतोय तोवर तिचा चेहरा बदलला. ती दाराकडे बघत होती. काचेपलीकडे मुलगा दुकानदाराच्या कानाशी लागला होता. मावशी उठली, अनवाणीच बाहेर गेली, आणि साठ मागांवरून ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मागे नुसते रिकामे खोके लावा, वायर जोडू नका, तिला काय कळतंय! असंच म्हणालास ना?"

फ्रिज बघायला आलेलं जोडपं फ्रिजचं दार उघडंच ठेवून वळलं.

"आजी," दुकानदार चाचरला, "ती खोली बंद आहे. तुम्हाला ऐकू कसं आलं?"

"ऐकू कुठे आलं? दिसलं."

मुलाने सावरायचा प्रयत्न केला. "अगं, घरी सोफा भिंतीला टेकलाय. पाठीमागे जागा कुठे आहे?"

"सोफ्याला चाकं नसली तरी तुला हात आहेत. पुढे ओढ." मग तिने डाव्या कानावर बोट ठेवलं. "एकतीस वर्षं चारी बाजूंनी आवाज खाल्ला मी. त्यात कान गेला. आता उरलेल्या अर्ध्या कानात काय घालायचं, ते मी ठरवीन. तू नाही."

दुकानदाराने घाईघाईने दोन सेट लावले. एक नाजूक, पांढरा. दुसरा काळा, लाकडी, चांगला दांडगा. मावशीने पांढऱ्यावर तळवा ठेवला.

"हा आतून खुळखुळतोय. नको." काळ्यावर ठेवला. "हा."

"आई, हा काळा रंग आपल्या हॉलला शोभणार नाही."

"मग हॉलला दुसरा रंग दे. धंदाच आहे तुझा."

दोन दिवसांनी फिटर आला. मावशीने त्याला एकेक स्पीकर वेगळा वाजवायला लावला आणि प्रत्येकावर तळवा ठेवून तपासला, पाठीमागचे दोन तर दोनदा. मुलगा कपाळाला आठ्या घालून वायर धरून उभा होता.

"मावशी, त्या बाजूचा तुम्हाला तसाही ऐकू येत नाही," फिटर म्हणाला. "डावा जरा बारीक ठेवू?"

"उजव्याइतकाच ठेव. कानाला नाही आला तरी पाठीला लागतो तो."

फिटरने मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "ठेवा. ती सांगते तसं ठेवा."

सोफा आता भिंतीपासून चार फूट पुढे, ऐन वाटेत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागतो. कुणी कुरकुरलं की मावशी रिमोट उचलते आणि आवाज आणखी वाढवते.