माझ्या भावाला पडलेलं नाव

भावाचे कामावरचे शर्ट धुवायला काढले. निम्मे पिळून दोरीवर घातले, निम्मे अजून बादलीतच आहेत. कुठलाही खिसा उलटा करा, लाकडाचा भुसा निघतो. हे शर्ट कारखान्यातल्या कुणाला तरी होतील असं भावजय म्हणाली, पण तिच्याच्याने ते धुववेनात, म्हणून मी घेऊन आले.

माझा धाकटा भाऊ फर्निचरच्या कारखान्यात करवतीच्या यंत्रावर होता. अंगाने आडवा, स्वभावाने अगदी गरीब. आमच्या घरात माणसांना पुराणातली नावं देण्याची खोडच होती. वडील तापट म्हणून जमदग्नी. इकडचं तिकडे करणारी आत्या म्हणजे नारद. आणि जेवता जेवता डुलक्या घेणारा हा कुंभकर्ण. वडील गेले, आत्या गेली, त्यांची नावंही त्यांच्याबरोबर गेली. ह्याचं मात्र घरातून थेट कारखान्यात पोचलं. मुकादम तिथे ओरडायचा, "ए कुंभकर्णा, ढोल बडवू का?" हा हसून म्हणायचा, "बडवा की, पण आधी जेवायला घाला."

मी रोज पोथी वाचते. पोथीतला कुंभकर्ण आळशी नाही. वर मागताना देवांनीच त्याची वाचा फिरवली आणि झोप त्याच्या गळ्यात पडली. उठवल्यावर भावाला त्याने तोंडावर सांगितलं की तू चुकलास, आणि तरीही त्याच्यासाठी लढायला गेला. एवढा मोठा जीव, पण लोकांनी त्याची फक्त झोप तेवढी ठेवून घेतली.

भावाचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मधेच ते बंद पडायचं, श्वासही बंद पडायचा, आणि बुडता माणूस वर यावा तसा तो एकदम जोराने श्वास ओढायचा. भावजय घाबरायची. एकदा सगळे जमलो असताना ती म्हणाली, "वन्सं, हे झोपेत मधेच गप्प होतात. दवाखान्यात दाखवायला हवं."

थोरल्या भावाने, दादाने, तिथल्या तिथे उडवून लावलं. "अगं, कुंभकर्ण तो! घोरणार नाही तर काय गाणं म्हणणार?"

"आणि डॉक्टरला सांगू काय?" धाकटा म्हणाला. "झोप येते म्हणून? तो म्हणेल, नशीबवान आहेस, घरी जा."

सगळे हसले. तीही हसली. नाव होतं ना, मग आणखी विचारायचं काय उरलं?

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्रापाशी उभ्याउभ्याच त्याचा डोळा लागला आणि डाव्या हाताची बोटं करवतीत गेली. आम्ही धावत दवाखान्यात पोचलो. ऑपरेशनच्या आधी एक तरुण डॉक्टर घाईघाईने विचारायला आले. "जुना काही आजार? साखर? दमा?"

"काही नाही," दादा म्हणाला. "माणूस ठणठणीत आहे. झोपाळू तेवढा आहे. कुंभकर्णच म्हणतो आम्ही त्याला."

डॉक्टरही जरासे हसले. भावजय पदर सावरत पुढे झाली होती, ओठ हलले होते तिचे. दादाने हाताने तिला मागे केलं. "तू थांब गं जरा, त्यांना घाई आहे."

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर तो दुखण्याने नुसता तळमळत होता. दुपारी त्याला मोठं इंजेक्शन दिलं. हळूहळू डोळे मिटले. मी उशाशी बसून नामस्मरण करत होते. भावजय माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बघा ना वन्सं, आज घोरत नाहीयेत. किती शांत झोपलेत." तिच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो निवांतपणा होता. दादा डबा घेऊन आला, तोही कुजबुजला, "उठवू नका. झोपू दे आमच्या कुंभकर्णाला."

नर्स रक्तदाब बघायला आली आणि ओरडलीच. ओठ निळे पडले होते. आम्हाला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून दिसत होतं, चारपाच जण त्याला उठवत होते, कुणी छाती दाबत होतं, कुणी हाका मारत होतं. तो उठला नाही.

संध्याकाळी त्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. "ते घोरताना श्वास थांबायचा का?" त्यांनी विचारलं. भावजयीने मान हलवली. "हा आजार असतो," ते म्हणाले. "अशा माणसाला ते इंजेक्शन फार जपून द्यावं लागतं. मी नीट विचारायला हवं होतं." मग ते खाली बघत बोलतच राहिले. इंग्रजीत या आजाराच्या एका प्रकाराला एका जुन्या कादंबरीचं नाव आहे, कारण तिच्यात एक लठ्ठ मुलगा उभ्याउभ्या झोपतो आणि वाचणारे हसतात. आणि इंजेक्शन मॉर्फिनचं होतं, ते नावही परक्यांच्या पुराणातल्या स्वप्नांच्या देवावरून पडलंय.

"देवाचं नाव?" भावजयीने विचारलं. एवढंच. डॉक्टर उठून गेले.

काल तिच्या घरी माणसं भेटायला आली होती. भाची, कॉलेजात जाणारी, भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली, तोंड उघडं, घोरणं सुरू. एक शेजारीण हळहळत म्हणाली, "बापावरच गेलीय पोर. कुंभकर्णाचीच लेक."

दादा उठून शेजारणीसमोर उभा राहिला. "वहिनी, तिला तसं म्हणायचं नाही," तो म्हणाला. आवाज एवढा खाली होता की शेजारणीने पुन्हा विचारलं. भावजय कुणाकडे न बघता मुलीजवळ जाऊन बसली आणि तिच्या नाकाशी बोट धरून राहिली. घोरणं मधेच थांबलं. भावजयीने माझ्याकडे पाहिलं.

उद्या सकाळी भाचीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे.